टोपी बुडाली पाहिजे

उखा नाना ड्यूटीवर असताना कधी बसत नसे. खुर्चीवर नाही, बाकावर नाही, जिन्याच्या पायरीवरही नाही. जळगावहून पारोळ्याला निघाला की रिकाम्या एसटीतसुद्धा दांडा धरून उभा राहायचा. कंडक्टर दोन-तीनदा सांगून बघायचा आणि मग नाद सोडायचा. त्याच्याकडे सायकल होती, पण तीही तो हातात धरूनच चालायचा.

आमच्या टेलिफोन खात्यात माणसांना निष्कर्ष काढायला वेळ भरपूर. नानाला मूळव्याध आहे असं कारकुनांचं मत होतं. त्यातल्या एकाने कनवाळूपणे एका वैद्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. नानाने ती चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली आणि 'बरं' म्हणाला. ऑपरेटर बायकांना वाटायचं की त्याचा काही नवस असेल. मोठ्या साहेबांना हा माणूस गर्विष्ठ वाटायचा, कारण खुर्ची पुढे केली तरी तो मान हलवायचा आणि भिंतीला पाठ न टेकता उभा राहायचा. माझाही एक अंदाज होता, पण तो मी कुणाला सांगितला नाही.

नाना आमचा लाइनमन. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. त्याच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नाव ठेवलं उखा. आमच्या खान्देशात असे उखे पुष्कळ. देवाला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे, कशाला न्या. नाना ही गोष्ट फार अभिमानाने सांगायचा. मातीशी आपला परिचय पहिल्या दिवसापासूनचा आहे, असं त्याचं म्हणणं.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगाव-धुळे रस्त्याच्या कडेने काचेची केबल टाकायचं काम निघालं. मी नुकताच इंजिनिअर म्हणून लागलो होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. तोवर आमच्याकडचं सगळं बोलणं खांबांवरच्या तारांतून चालायचं. चोर तांब्यासाठी तारा कापून न्यायचे, आणि धुळ्याला ट्रंक कॉल लागेपर्यंत माणूस स्वतः धुळ्याला पोचायचा. आता केसाइतक्या बारीक काचेतून उजेड जाणार आणि त्या उजेडातून हजारो माणसं एकाच वेळी बोलणार, असं मी मजुरांना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. मला भाषण करायची हौस होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना केबलच्या ड्रमवर बसून तंबाखू मळत होता. त्याने एवढंच विचारलं, "कितलं खोल?"

होय, तेव्हा नाना बसायचा. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, कारण बाकीचे सगळे नंतर आले.

खोली ठरलेली होती, पाच फूट पाच इंच. नांगर लागू नये, कुदळ लागू नये, कुणी खांबासाठी खड्डा केला तर पोचू नये, म्हणून एवढी खोली. चर या मापाचा झाला की नाही ते बघायला खात्याने टेप दिली होती. पण नानाने टेप कधी हातात घेतली नाही. पायांतल्या चपला काढून तो चरात उतरायचा. मजुरांना वाटायचं, भूमातेला पाय लागतो म्हणून काढत असेल. तसं काही नव्हतं. अनवाणी, टोपीसकट नाना बरोबर पाच फूट पाच इंच भरायचा. चपला घातल्या तर माप चुकलं असतं.

मग तो चरातून चालायला लागायचा आणि वरून आम्ही बघायचो. पांढरी टोपी मातीच्या कडेच्या खाली गेली की चर पास. टोपी दिसली की नापास. चालता चालता खालून आवाज यायचा, "टोपी बुडनी का?" वरचा माणूस 'बुडाली' म्हणाला की नाना पुढे. कुणी 'दिसते' म्हटलं की तो तिथेच थांबायचा आणि मजुरांना हाक मारायचा. ठेकेदाराची माणसं त्याला शिव्या घालायची. एकदा त्यांनी दोन बोटं बुटकी टोपी आणून भेट दिली, चर उथळ असला तरी बुडावी म्हणून. त्यांना वाटलं नाना फसेल. नानाने ती घडी करून घरी नेली आणि लग्नकार्यात वापरली.

खोलीचं हे वेड पुढे त्याच्या अंगात भिनलं. माझ्या चुलत्याने जळगावात घर बांधायला काढलं तेव्हा पायाच्या पूजेला मी नानाला घेऊन गेलो. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि नाना चपला काढून पायाच्या खड्ड्यात उतरला होता. काकूंनी त्याच्यावरही अक्षता टाकल्या. कुणाची नवी विहीर, कुणाचं शौचालय, कुणाच्या मांडवाची मेढ, नानाचा प्रश्न एकच, कितलं खोल शे. आमच्या ऑफिसातल्या एकाची दाढ काढली तेव्हाही त्याने तेच विचारलं आणि त्याबद्दल आम्ही महिनाभर हसलो.

काचेच्या जोडणीला मात्र त्याला आत घेत नसत. व्हॅनमध्ये मशीन असायचं, त्यात काचेची दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडायची. धुळीचा एक कण आला तरी जोड वाया. म्हणून नाना व्हॅनच्या बाहेर पहारा द्यायचा. म्हशींचा कळप आला की हात पसरून रस्त्यात उभा. बैलगाडीवाल्याला सांगायचा, हळू, आत ऑपरेशन चालू आहे. जोड लागला की मी आतून हात करायचो आणि नाना गाडीवाल्याला सांगायचा, वाचला.

आता या रस्त्यावरच्या एका तुकड्याची गोष्ट. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पारोळ्याच्या अलीकडे दोन नाल्यांच्या मध्ये दीड किलोमीटर नुसता काळा खडक आहे. ठेकेदाराच्या मजुरांच्या पहारी वाकल्या. सुरुंग लावायला परवानगी हवी, परवानगीला वेळ हवा, आणि वेळ नव्हता, कारण उद्घाटनाला मंत्री येणार हे ठरलं होतं. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. माझ्या बायकोला दिवस गेले आहेत हे त्यांना माहीत होतं. तिची चौकशी केली. नोकरी कायम झाली की तुला जळगावातच ठेवू म्हणाले. मग म्हणाले, त्या खडकाचं तेवढं उरकून टाक.

मी साइटवर गेलो. चर अडीच फुटांचा होता. ठेकेदार मेजरमेंट बुक घेऊन उभाच होता, पेनाचं टोपण काढून. नाना नेहमीप्रमाणे चपला काढून चरात उतरला. टोपीचं सोडा, त्याच्या शर्टाची तिसरी गुंडी दिसत होती आणि तिच्या खाली पट्टाही. तो वर बघत थांबला. मग तोच म्हणाला, "साहेब, मी बठ्ठा दखाई ऱ्हायनू."

मला दिसतच होतं की तो सगळा दिसतोय. मी इकडे तिकडे पाहिलं. मजूर बघत होते, ठेकेदार बघत होता. आणि मी म्हणालो, "नाना, खाली बसा."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. माझं वय चोवीस, त्याचं पन्नाशीच्या पुढे. मग तो गुडघे दुमडून, मान खाली घालून चरात बसला. टोपी बुडाली. मी पुस्तकात खोली एक पूर्णांक पासष्ट मीटर लिहिली आणि खाली सही केली. माझी सही तेव्हा फार छान यायची.

उद्घाटन थाटात झालं. धुळ्याला मांडव, जळगावला मांडव. मंत्र्यांनी धुळ्याहून पहिला फोन केला आणि इतक्या कोटींच्या काचेतून पहिलं वाक्य गेलं ते 'आवाज येतो का' हे. जळगावच्या बाजूने उत्तर गेलं, 'जेवण झालं का साहेब'. टाळ्या झाल्या. संगमरवरी पाटीवर नऊ नावं होती. त्यांतल्या आठांनी चर पाहिलेला नव्हता. मला शाल मिळाली. नाना समारंभाला नव्हता. तो खडकाच्या तुकड्यावर उभा होता, असं मला दुसऱ्या दिवशी समजलं. तिथे त्याला पेढा द्यायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

त्या दिवसापासून नाना ड्यूटीवर बसेनासा झाला.

केबल सुरू झाली आणि केबल राखायचं काम सुरू झालं. पारोळ्याच्या दोन्ही बाजूंचा भाग नानाकडे आला. रोज चालायचं, खुणेचे दगड जागेवर आहेत का बघायचं, कुणी खोदत असेल तर थांबवायचं. कागदावर त्याचा भाग बावीस किलोमीटरचा होता. त्यातला दीड किलोमीटर तो दिवसातून दोनदा चालायचा. रविवारीही आणि दिवाळीतही. कुणी नुसती कुदळ खांद्यावर टाकून चाललेला दिसला तरी नाना त्याच्या मागे जायचा. त्याचं वाक्य ठरलेलं, "आठे खंदू नका भो, खाले काच शे."

लोकांनी त्याला काचवाला नाना म्हणायला सुरुवात केली. एका लग्नाचा मांडव त्याने ऐन हळदीच्या दिवशी सात फूट सरकवायला लावला. नवरदेव उन्हात बसला, आणि नवरदेव म्हणजे नानाचाच भाचा. बहीण दोन वर्षं बोलली नाही. एकाने ऊस लावायला पाइपलाइन आणली तर नाना त्याच्या चरासमोर आडवा उभा. शेवटी त्या माणसाने पाइप रस्त्याच्या पलीकडून नेला आणि तिकडून नानाला रोज हात जोडू लागला. नानाची बायको, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, मला एकदा पारोळ्याच्या बाजारात भेटली. ती म्हणाली, "साहेब, ती तार मनी सवत शे." मी हसलो. ती हसत नव्हती.

मला नानाचा राग यायचा. का, ते आज स्पष्ट सांगतो. मला वाटायचं, हा माणूस मला शिक्षा देतोय. माझ्या केबिनमध्ये येऊन उभा राहतो, खुर्ची दिली तरी बसत नाही, म्हणजे मला दाखवतोय की बघ, मी अजून सगळा दिसतो. तो एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. तो फक्त आठवड्याचा अहवाल सांगायचा, तुकडा ठीक आहे, आणि निघून जायचा. मला बढती मिळाली, जळगावात क्वार्टर मिळालं, मुलगी शाळेत जाऊ लागली, तरी दर आठवड्याला हा माणूस येऊन माझ्यासमोर उभा.

शेवटी मी त्याची बदली केली. रावेरला. कारण लिहिलं, प्रशासकीय गरज. खात्यात या दोन शब्दांत काहीही मावतं. त्याची निवृत्ती वर्षावर आली होती. इतकी वर्षं गावातून ड्यूटी केलेल्या म्हाताऱ्याला मी सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या मुलखात पाठवला आणि स्वतःला समजावलं की तिकडे त्याला आराम मिळेल. ऑर्डर हातात घेऊन त्याने एकच विचारलं, "त्या तुकडावर कोन ऱ्हाई, साहेब?" कुणीतरी देऊ म्हणालो. कुणी दिलं नाही, जागा रिकामीच राहिली.

तीन महिन्यांनी एका दुपारी जळगाव-धुळे लाइन मेली. बँका, बाजार समिती, कलेक्टर कचेरी, सगळे आमच्या नावाने ओरडायला लागले. आम्ही केबलला तपासायचं मशीन लावलं. केबल कुठे तुटली त्याचं अंतर ते मशीन दाखवतं. पडद्यावर आकडा यायच्या आधीच मला जागा कळली होती.

खडकाच्या तुकड्यावर कुणीतरी नवा ढाबा काढला होता. पाटीच्या खांबासाठी त्याने खड्डा खणला होता, अडीच फुटांचा. पाटीला तेवढा पुरतो. बिचारा हात जोडून सांगत होता, साहेब, इतक्या वर तुमची वस्तू असेल असं कुणाला वाटेल. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी त्याला दमात घेतलं.

जोड लागला, बोलणं सुरू झालं, पण लाइन अर्धा दिवस बंद राहिली म्हणून वरून चौकशी आली. चौकशी अधिकारी परप्रांतातले होते, मराठी जेमतेम. त्यांनी मेजरमेंट बुक मागवलं. ते टेबलावर उघडलं तेव्हा माझी सही मला समोरून दिसत होती. खोली एक पूर्णांक पासष्ट. प्रत्यक्षात पाऊण मीटर. मधली खोली कुठे गेली, एवढाच प्रश्न होता. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. घरी मी काही सांगितलं नव्हतं. जेवताना मुलगी काही विचारायची आणि मला ऐकू यायचं नाही.

नानाला रावेरहून बोलावलं. तो आला, टोपी घालून, तसाच. अधिकाऱ्यांनी खुर्ची दाखवली. त्याने मान हलवली. केबल टाकताना खोली कुणी तपासली, असं विचारलं. मी तपासली, म्हणाला. बरोबर होती का, असं विचारलं. नाना माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. तो म्हणाला, "टोपी बुडेल व्हती, साहेब."

अधिकाऱ्यांना काही कळलं नाही. हा काय म्हणतोय, असं त्यांनी मला विचारलं. आणि मी, त्याच माझ्या तोंडाने, सांगितलं की खोली बरोबर होती असं तो म्हणतोय.

मग माती गेली कुठे, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाला, लोकांनी रस्त्याकडेचा मुरूम वरचेवर उचलून नेला, खोली कमी होत गेली. मी पहाऱ्यावर होतो, माझं लक्ष राहिलं नाही. कळवायला हवं होतं, कळवलं नाही. इतक्या वर्षांत नानाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. त्या तुकड्यावर मुरूम नव्हताच, होता तो खडक. रोज दोनदा तिथून चालणारा माणूस लक्ष राहिलं नाही असं सांगत होता आणि समोरचे अधिकारी ते शब्दन् शब्द लिहून घेत होते.

अहवाल आला. केबल टाकण्याचं काम नियमानुसार, गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा. नानाच्या सेवापुस्तकात ठपका बसला. काही महिन्यांनी तो रावेरहूनच निवृत्त झाला. तिकडच्या लोकांनी नारळ दिला, पण ठपकेवाला माणूस म्हणून भाषण कुणी केलं नाही. मला पुढच्या वर्षी आणखी एक बढती मिळाली.

बढतीचा पेढा घेऊन मी त्याच्या गावी गेलो. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण नेला तो पेढाच. नाना अंगणात होता. भिंतीला टेकून बाजेवर बसला होता, टोपी बाजूला ठेवून. मला पाहिलं आणि लगेच उठून उभा राहिला. टोपी घातली. मी म्हणालो, नाना, आता तुम्ही ड्यूटीवर नाही. तो ओशाळून हसला.

मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग एकदाचं विचारलं, चौकशीत तसं का सांगितलंत. ती चूक माझी होती. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि माझ्यावर तुमचा राग होता हेही मला माहीत आहे.

नाना गोंधळला. राग, असं तो दोनदा म्हणाला, जणू ती वस्तू कुठे ठेवली ते आठवत होता. मग हळूच म्हणाला, "तुम्हीन सांगं, बसा. पन बसनू तो मीच ना, साहेब."

तो सांगत राहिला, मान खाली घालून, एखादा गुन्हा कबूल करावा तसा. तुम्ही पोरगे होता, साहेब लोक वरून दाबत होते, तुमचं काय चाललं होतं. मी उभा राहिलो असतो तर तुम्ही सही केली नसती. माणूस पाच फूट पाच इंचाचा, त्याला उभं राहायला काय लागतं. तेवढं झालं नाही माझ्याकडून. म्हणून मग तुकडा सांभाळला, होईल तितका.

म्हणजे इतकी वर्षं तो मला शिक्षा देत नव्हता. तो स्वतःच उभा राहत होता. आणि मी त्याला त्याच्या तुकड्यावरून उचलून रावेरला टाकला होता.

चूक तुमची नव्हती, नाना, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. त्याच्या पुढे 'बसा आता' एवढं म्हणायचं होतं. पण 'बसा' हा शब्द मी एकदा वापरून बसलो होतो. तो परत त्याच तोंडाने म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

अक्का चहा घेऊन बाहेर आली. बाज रिकामी होती, शेजारी खुर्चीही होती. तिने आम्हाला बघितलं आणि विचारलं, "दोन्ही जन उभाच?"

आम्ही चहा उभ्यानेच प्यायलो.